पाळीचं दुखणं, चॉकलेट सिस्ट आणि वारीच्या गोळ्या: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात पाळीच्या दुखण्यावर दोन-चार ओळी लिहिल्या होत्या. एंडोमेट्रिओसिस नावाचं एक दुखणं असतं आणि ते वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातच येत नाही, एवढंच त्यात होतं, पण त्यावर व्हॉट्सअॅपवर, पोस्टाने, एकीने तर क्लिनिकच्या रिसेप्शनवर चिठ्ठी ठेवून, इतके प्रश्न विचारलेत की या वेळी बाकी सगळे विषय बाजूला ठेवलेत. नाव कुणाचंच छापलेलं नाही. ज्यांनी रिपोर्टचे फोटो पाठवलेत त्यांना सांगते, फोटो बघून मी गोळी लिहून देत नाही, इथलं वाचून आपल्या डॉक्टरांना नीट चार प्रश्न विचारता आले तरी पुष्कळ झालं.

प्रश्न: मॅडम, माझी मुलगी 19 वर्षांची आहे, इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला. नववीपासून पाळीत पोट दुखतं पण गेली दोन वर्षं लईच वाढलंय. पहिले दोन दिवस उलट्या, जुलाब, बाथरूममध्ये बादली धरून बसते, एकदा कॉलेजात चक्कर येऊन पडली, दोनदा परीक्षा बुडाली. सोनोग्राफी नॉर्मल आली. डॉक्टर म्हणाले लग्न झालं, एक मूल झालं की आपोआप जाईल. सासूबाई म्हणतात आमचं पण दुखायचं, आम्ही खुरपायला जात होतो. पोरगी नाजूक आहे का खरंच काही आहे, मला कळंना झालंय. (एक आई, जुळे सोलापूर)

उत्तर: ताई, परीक्षा बुडवायची हौस कुणाला नसते हो. पोरगी नाजूक नाहीये. पाळीत पोटात कळा येणं, कंबर भरून येणं, एखादी गोळी घेतली की कामाला लागता येणं, हे साधं दुखणं. पण गोळी घेऊनही अंथरुणातून उठता येत नाही, दर महिन्याला कॉलेज बुडतं, आणि वर्षागणिक वाढतच चाललंय, याला साधं म्हणून सोडून द्यायचं नाही. सासूबाईंचंही दुखत असेल, खोटं नाही, कदाचित त्यांनाही एंडोमेट्रिओसिसच असेल आणि त्यांना कुणी विचारलंच नसेल, कारण रक्ताच्या नात्यातल्या बायकांत तो असेल तर मुलीत असायची शक्यता वाढते.

एंडोमेट्रिओसिसमध्ये काय होतं, तर गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं त्याच्यासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर वाढतात, अंडाशयावर, गर्भाशयाच्या मागच्या खोलगट जागेत, आतड्यावर, लघवीच्या पिशवीवर, कुठंही. हार्मोन्सच्या चढउताराबरोबर त्याही दर महिन्याला फुगतात, त्यातून रक्त येतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते, मग तिथं सूज येते, आजूबाजूच्या नसा चिडतात आणि हळूहळू आतले अवयव एकमेकांना चिकटायला लागतात. सॅम्पसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1927 मध्ये मांडलं होतं की पाळीचं थोडं रक्त नळ्यांतून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथं रुजतात. पण उलटं रक्त तर बहुतेक बायकांच्या पोटात जातं आणि आजार दहातल्या एकीला होतो, म्हणजे त्यात घराण्याचा, प्रतिकारशक्तीचा आणि हार्मोन्सचाही हात असणार. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, जगात साधारण 19 कोटी बायका-मुलींना हे आहे. तेव्हा हे दुर्मिळ वगैरे काही नाही.

आता सोनोग्राफी. तुमच्या मुलीचं लग्न झालेलं नाही म्हणून पोटावरून केली असणार, बरोबर ना? पोटावरून चॉकलेट सिस्ट, म्हणजे अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ, असेल तर दिसते, पण पोटाच्या आतल्या पडद्यावर जे बारीक बारीक ठिपके असतात ते सोनोग्राफीत दिसतच नाहीत, एमआरआयमध्येही बऱ्याचदा दिसत नाहीत. म्हणून नॉर्मल रिपोर्ट म्हणजे आजार नाही असं होत नाही. आधी असं होतं की दुर्बिणीतून आत बघून, तुकडा काढून तपासल्याशिवाय निदानच करायचं नाही, त्यात पोरींची किती वर्षं जायची. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना बदलल्या, आता लक्षणं नीट जुळत असतील तर ऑपरेशन न करता औषध सुरू करून बघायला हरकत नाही असं त्यात आहे. मलाही तेच पटतं. 19 वर्षांच्या मुलीच्या पोटाला नुसतं बघायला म्हणून भोकं पाडायची घाई मी करणार नाही.

आधी घरात एक काम करा, स्वयंपाकघरातल्या ज्या कालनिर्णयवर दुधाचा हिशोब असतो त्याच्यावरच तिच्या पाळीच्या तारखेच्या चौकटीत शून्य ते दहा असा दुखण्याचा आकडा लिहायचा, आणि बाजूला गोळ्या किती घेतल्या, उलटी झाली का, शौचाला किंवा लघवीला जाताना दुखलं का, कॉलेज बुडलं का. पाळी नसतानाही दुखत असेल तर तेही. तीन महिन्यांची ती पानं डॉक्टरांपुढे ठेवलीत की पाच मिनिटांत जे सांगता येत नाही ते दिसतं. आणि तिच्या पोटावर बघा, गरम पाण्याची पिशवी सारखी धरून जाळीसारखे तपकिरी डाग पडलेत का. असे डाग घेऊन मुली माझ्याकडे येतात आणि आईला ते पहिल्यांदा माझ्या टेबलावरच दिसतात.

औषधाचं म्हणाल तर पहिली पायरी दुखण्याची गोळी, पण आपल्याकडे ती घ्यायची पद्धतच चुकीची आहे, आधी सहन करायचं, अगदीच जीव जायला लागला की मेफ्टाल घ्यायची. तोपर्यंत सूज आणणारी रसायनं तयार होऊन बसलेली असतात. पाळी येणार असं वाटलं की लगेच किंवा आदल्या दिवशीपासून, पोटभर खाऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या तासांनी, दोन-तीन दिवस. अॅसिडिटीचा जुना त्रास, अल्सर, किडनीचा आजार, दमा यातलं काही असेल तर आधी सांगायचं. मेफ्टालमधल्या मेफेनॅमिक अॅसिडवर 2023 च्या शेवटी भारतीय फार्माकोपिया आयोगाने सावधगिरीची सूचना काढली होती, गोळी घेतल्यानंतर ताप, अंगावर पुरळ, गाठी आल्या तर गोळी बंद करून डॉक्टर गाठायचा. घाबरायचं कारण नाही, पण माहिती पाहिजे.

दुसरी पायरी हार्मोनची, म्हणजे एस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या एकत्र गोळ्या किंवा नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या जातीची गोळी, त्याने पाळी हलकी होते किंवा थांबते आणि त्या बाहेरच्या पेशींनाही खुराक मिळत नाही. इथं सगळ्या आया एकच विचारतात, लग्नाआधी गर्भनिरोधक गोळ्या कशा द्यायच्या, पुढं मूल होईल ना? होईल. गोळ्यांनी वंध्यत्व येत नाही, बंद केल्या की बीज परत सुटायला लागतं. अर्धशिशी डोळ्यांपुढे लखलखाट होऊन येत असेल किंवा घरात कुणाच्या पायात, फुफ्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल तर एकत्र गोळी नको, तेवढं सांगा.

आणि ते लग्नाचं. लग्न हे औषध नाही. गरोदरपणात पाळी बंद असते म्हणून काही जणींना तेवढे महिने बरं वाटतं, काहींना तेवढंही नाही, नंतर पाळी सुरू झाली की दुखणंही परत येतं. एकोणिसाव्या वर्षी पोट दुखतं म्हणून सोयरीक बघायला लागणं याच्याइतका महागडा उपाय मी तरी ऐकलेला नाही.

प्रश्न: वय 27, लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. सोनोग्राफीत डाव्या बाजूला 4 सेंमीची चॉकलेट सिस्ट आली, एएमएच 1.8. एक डॉक्टर म्हणतात आधी ऑपरेशन करून सिस्ट काढा, दुसरे म्हणतात थेट टेस्ट ट्यूब. तिसऱ्यांनी डायनोजेस्ट सहा महिने घ्यायला सांगितली. पोट दुखतं पण गोळीने थांबतं. कुणाचं ऐकू? घरी सगळे मलाच बोलतात. (अक्कलकोट रोड)

उत्तर: तुझ्या चिठ्ठीत तुझे चार रिपोर्ट आहेत आणि नवऱ्याचा एकही नाही. वीर्यतपासणी झाली का? नसेल तर सगळ्यात आधी ती, दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, बाकी सगळ्या तपासण्यांपेक्षा सोपी आणि स्वस्त, कुणाला सुई टोचावी लागत नाही. तरी इथं बाईच्या नळ्या तपासून, दुर्बीण घालून झाली तरी बाप्याची तपासणी झालेली नसते, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता राग यायचाही बंद झालाय. घरी बोलणाऱ्यांना हेच उत्तर दे.

आता तीन डॉक्टरांचं. ते तिघं वेगवेगळं सांगतायत कारण बहुतेक तिघांनी वेगवेगळा प्रश्न सोडवायला घेतलाय. डायनोजेस्ट, म्हणजे नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या जातीची गोळी, दुखण्यासाठी चांगली, पण ती चालू असताना बहुतेक वेळा बीज सुटत नाही, म्हणजे ज्या सहा महिन्यांत तुला मूल हवंय तेच सहा महिने जाणार, आणि ती बंद केल्यावर मूल राहायची शक्यता वाढते असंही नाही. तुझं दुखणं गोळीने थांबतंय, तर मूल हवं असताना ही गोळी मी तरी देणार नाही.

ऑपरेशन. चॉकलेट सिस्ट म्हणजे अंडाशयात जुनं, घट्ट, तपकिरी झालेलं रक्त साठलेली गाठ. तिची पिशवी सोलून काढताना तिला चिकटलेला अंडाशयाचा चांगला भागही थोडा जातो, त्यात बीजं असतात, म्हणून ऑपरेशननंतर रक्ताच्या तपासणीतला एएमएचचा आकडा खाली येतो. दोन्ही बाजूंना सिस्ट असतील किंवा आधी एक ऑपरेशन झालेलं असेल तर जास्तच. म्हणून निव्वळ सिस्ट दिसली म्हणून काढा, असं करायचं नाही. पण दुखणं औषधाने थांबत नसेल, गाठ मोठी असेल किंवा झपाट्याने वाढत असेल, सोनोग्राफीत काही संशयास्पद दिसत असेल, किंवा टेस्ट ट्यूबच्या वेळी बीज काढायला सुईच जात नसेल, तर काढावी लागते. नुसतं सुईने पाणी काढून टाकू असं कुणी म्हणालं तर नको म्हण, ती परत भरते आणि जंतुसंसर्गाची भीती वेगळी.

टेस्ट ट्यूब, म्हणजे आयव्हीएफ, हा चांगला रस्ता आहे पण तुझं वय 27 आहे आणि एएमएच 1.8 म्हणजे अगदी तळाला गेलेला नाही. एएमएचवरून बीजं साधारण किती उरलीत ते कळतं, ती कशी आहेत ते कळत नाही, ते वयावर असतं आणि वय तुझ्या बाजूने आहे. नवऱ्याचा रिपोर्ट चांगला असेल, नळ्या उघड्या असतील तर मधल्या पायऱ्या आहेत. नळ्या बंद असतील, वीर्यात मोठा दोष असेल किंवा वय पस्तिशीला टेकलं असतं तर मी पण लवकर आयव्हीएफकडे जा म्हटलं असतं. आणि दुर्बिणीचं ऑपरेशन करायचंच ठरलं तर एकदाच आणि अशा सर्जनकडे जो हे रोज करतो, दर दोन वर्षांनी एक असं करत बसायचं नाही. त्यांना आधीच विचार: आत जास्त पसरलेलं दिसलं तर तुम्ही तेव्हाच काढणार का, आतड्याला चिकटलेलं असेल तर कोण हात लावणार, फोटो-व्हिडिओ मला मिळणार का. हे विचारल्यावर जो डॉक्टर चिडेल त्याच्याकडे करू नको.

प्रश्न: माझ्या पहिल्या सिझरच्या टाक्याच्या कडेला बोराएवढी गाठ आहे. पाळी आली की फुगते, दुखते, नंतर बसते. घरातले म्हणतात टाक्याचा दोरा राहिलाय, एकाने हर्निया सांगितलं. (शेळगी)

उत्तर: पाळीबरोबर फुगते आणि बसते हे तुम्हीच सांगितलंत, तिथंच निम्मं निदान झालं. सिझरच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी टाक्याच्या जागी राहून तिथं वाढू शकतात. गाठीची सोनोग्राफी करा, लागलं तर सुईने तपासणी. औषधाने तात्पुरतं दबतं, खरा उपाय म्हणजे गाठ आजूबाजूच्या थोड्या चांगल्या भागासकट काढून टाकणं. छोटं ऑपरेशन असतं. काढलेली गाठ तपासायला पाठवा म्हणावं.

प्रश्न: मॅडम, माझी काकू 41 वर्षांची आहे, विडी घरकुलात राहते, विड्या वळते. पाळीत रक्त फार जातं, गाठी पडतात, सात-आठ दिवस चालतं, कंबर आणि पोट इतकं दुखायलंय की मांडी घालून सुपापुढे बसता येत नाही, मग विड्या कमी होतात, मजुरी बुडते. हिमोग्लोबिन 7.4. सोनोग्राफीत गर्भाशय मोठं आणि अॅडेनोमायोसिस लिहिलंय. डॉक्टर म्हणाले पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. तिला मुलं तीन आहेत. काढावी का? (पुतणी)

उत्तर: काकूंना विचार, त्यांना काय हवंय. रक्त थांबायला हवंय, दुखणं थांबायला हवंय, का एकदाची कटकट नको, आणि ऑपरेशननंतर दीड-दोन महिने जड उचलायचं नाही ते घरात जमणार आहे का. हे कुणी विचारलेलं नसणार.

अॅडेनोमायोसिस हे एंडोमेट्रिओसिसचंच जवळचं नातलग. इथं अस्तरासारख्या पेशी बाहेर न जाता गर्भाशयाच्या स्नायूच्या भिंतीत शिरतात, भिंत जाड होते, पिशवी मोठी होते, रक्त जास्त जातं. काही जणींना दोन्ही असतात. हा कॅन्सर नाही. ‘नाहीतर कॅन्सर होईल’ हे वाक्य आपल्या भागात इतक्या सहज बोललं जातं की मला त्याचा भयंकर राग येतो. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या ते 2019 मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, आणि एप्रिल 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं की अनावश्यक पिशव्या काढणं रोखायला केंद्राने ज्या सूचना काढल्यात त्या तीन महिन्यांत लागू करा. तरी अजून चाललंय.

म्हणून काकूंचं क्रमाने करू. 7.4 हिमोग्लोबिनवर आधी लोह, गोळीने पोटात जळजळत असेल किंवा लवकर वाढवायचं असेल तर शिरेतून. थायरॉईडची तपासणी. अस्तर जाड असेल, पाळीच्या मध्ये रक्त जात असेल तर अस्तराचा तुकडा तपासायचा, ही तपासणी कॅन्सरसाठीच असते आणि ती केल्याशिवाय कुणी कॅन्सरची भीती घालू नये. जास्त रक्त जातं त्या दिवसांपुरती ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडची गोळी देता येते. आणि अॅडेनोमायोसिसला माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे हार्मोनवाली तांबी. आपल्या नेहमीच्या तांबीने रक्त वाढतं, हिच्यात तांबं नसतं, लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन थोडं थोडं गर्भाशयातच सुटतं, अस्तर पातळ होतं, रक्त कमी होत जातं, बऱ्याच जणींची पाळी थांबते. पहिले तीन ते सहा महिने मात्र अधूनमधून डाग पडतात, हे आधी सांगितलं नाही तर बाई वैतागून काढून टाकायला येते. एकदा बसवली की पाच वर्षं तरी बघायला नको. खाजगीत महाग वाटते, म्हणून आधी सिव्हिलला स्त्रीरोगाच्या ओपीडीत विचारा, आणि ज्या हॉस्पिटलात महात्मा फुले योजना आहे तिथं आरोग्यमित्राला भेटून कशाला किती मदत मिळते ते बसल्याजागी कळेल.

एवढं करूनही जमलं नाही, आणि काकू स्वतः म्हणाल्या की मला आता नकोच, तर पिशवी काढणं चुकीचं नाही, अॅडेनोमायोसिसमध्ये त्याने खरंच सुटका होते. पण तेव्हा एक वाक्य आवर्जून बोला: अंडाशयं चांगली असतील तर ठेवायची. ‘पिशवीबरोबर सगळंच काढून टाकू’ याला हो म्हणू नका. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशयं काढली की हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो, अंगातून वाफा येतात ते वेगळंच, आणि हा हिशोब पुढची तीस वर्षं फेडावा लागतो. एंडोमेट्रिओसिस बाहेर पसरलेला असेल तर नुसती पिशवी काढून दुखणं जाईलच याची खात्री नसते, हेही सही करायच्या आधी विचारून घ्या.

प्रश्न: मी पुरुष आहे, लिहावं की नाही असं वाटत होतं. बायकोला संबंधाच्या वेळी आत खोल दुखतं, नंतर दोन दिवस दुखत राहतं. पाळीत शौचाला जातानाही रडते. दोन वर्षं मूळव्याधीचं औषध चालू आहे, फरक नाही. मी जवळ गेलो की ती आखडते. ती मला टाळते का हे विचारायची हिंमत होत नाही. (होटगी रोड)

उत्तर: लिहिलंत ते बरं केलंत. ती तुम्हाला टाळत नाहीये, दुखणं टाळतेय. खोल दुखणं आणि पाळीतच शौचाला दुखणं, या दोन गोष्टी एकत्र असल्या की गर्भाशयाच्या मागच्या जागेत, आतड्याच्या बाजूला एंडोमेट्रिओसिस असायची दाट शंका येते. मूळव्याध काही पाळीची तारीख बघून दुखत नाही. तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, आतून तपासणी आणि आतून सोनोग्राफी अशा ठिकाणी करा जिथं सोनोलॉजिस्टला या आजाराचं खास बघता येतं, गर्भाशय आतड्यावर सरकतंय का चिकटलंय ते त्यात कळतं, मग गरज लागली तर एमआरआय. पाळीत शौचातून रक्त जात असेल तर तेही सांगायचं.

तोवर, दुखतंय तिथं थांबायचं. जवळ येणं म्हणजे प्रत्येक वेळी तेच व्हायला पाहिजे असं नाही, हे तिला तुम्ही तोंडाने सांगा, तिला कळत असेल म्हणून गप्प बसू नका. बरीच वर्षं दुखल्यावर ओटीपोटाचे स्नायू आपोआप आवळले जातात, आजारावर उपचार झाले तरी ते आवळलेलेच राहतात, त्यासाठी वेगळी फिजिओथेरपी असते, ती शिकवणारी फिजिओथेरपिस्ट शोधा. तपासणीच्या वेळी आत बसा, तिला चालत असेल तर. बोलू मात्र तिलाच द्या.

प्रश्न: रक्ताच्या तपासणीत सीए-125 आलंय 78. इंटरनेटवर कॅन्सर दाखवतंय. दोन रात्री झोप नाही. वय 31, चॉकलेट सिस्ट आहे. (विजापूर रोड)

उत्तर: झोपा. हा आकडा एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतो, पाळी चालू असताना वाढतो, फायब्रॉइडमध्ये, पोटातल्या जंतुसंसर्गात, पोटाच्या टीबीतही वाढतो. निदान करायला तो चांगला नाही, म्हणूनच एंडोमेट्रिओसिस शोधायला ही टेस्ट करू नका असंच आता सांगितलं जातं. एंडोमेट्रिओसिस असणाऱ्यांत अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा किंचित जास्त असतो हे खरं, पण तो इतका थोडा आहे की त्यापायी अंडाशय काढून टाकत नाहीत. बघायचं ते सोनोग्राफीत, गाठीच्या आत घट्ट भाग आहे का, त्यात रक्तप्रवाह दिसतो का. ते नसेल तर ठरलेल्या मुदतीने परत सोनोग्राफी, बस.

प्रश्न: दूध, गहू, साखर बंद केल्याने हा आजार मुळापासून जातो असा एक व्हिडिओ बघितला. त्या बाईंचा कोर्स 9,999 ला आहे. करू का? (बाळे)

उत्तर: नका करू. मुळापासून घालवणारा आहार अजून कुणाला सापडलेला नाही, सापडला असता तर तो 9,999 ला विकला नसता. एखाद्या पदार्थाने तुमचं पोट फुगत असेल तर तो कमी करा, तुमचं पोट तुम्हालाच माहीत. चालणं, व्यायाम, गरम शेक याने बरं वाटतं ते खरं आहे. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, शेंगाची चटणी सुखाने खा, आणि त्या पैशात एक चांगली सोनोग्राफी करून वर रिक्षाचे पैसे उरतील.

प्रश्न: दोन महिने डायनोजेस्ट चालू आहे. दुखणं पन्नास टक्के कमी झालं पण रोज थोडं थोडं रक्त दिसतं, वजन दीड किलो वाढलं, उगाच रडू येतं. आणखी एक, आषाढीला पंढरपूरला जायचंय, जाऊबाई मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणणार आहेत, गड्ड्याच्या जत्रेला, नवरात्रात, आषाढीला त्या नेहमी घेतात. मी पण घेऊ का? (दक्षिण कसबा)

उत्तर: पहिले तीन-चार महिने असं डाग पडणं नेहमीचं आहे, पुढं बहुतेक जणींचं कमी होतं, त्यामुळे तेवढ्यावरून गोळी सोडू नका. रोज एकाच वेळेला घ्या, मध्ये खाडा नको, खाडा झाला की डाग वाढतात. दोन महिन्यांत अर्धं दुखणं गेलं हे चांगलंच म्हणायचं, लिऊप्रोलाइडच्या महागड्या इंजेक्शनांशी तुलना करून बघितली तेव्हा दुखणं कमी करण्यात ही गोळी त्यांच्या बरोबरीची ठरली होती आणि इंजेक्शनइतकी हाडं झिजवत नाही. पण रडू येतंय ते मात्र अंगावर काढू नका. या जातीच्या औषधांनी काही जणींचं मन खरंच खाली जातं. आधी कधी डिप्रेशनचा त्रास झालेला असेल, झोप उडाली असेल, जगावंसं वाटत नाही असं मनात येत असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा, औषध बदलता येतं, पर्याय आहेत. आणि ही गोळी गर्भनिरोधक म्हणून धरायची नाही, मूल नको असेल तर निरोध वापरा.

आता वारी. तुम्हाला वेगळी गोळी नको. तुमची डायनोजेस्ट खंड न पाडता चालू आहे म्हणजे पाळी थांबलेलीच आहे, तिच्यावर दुसरं हार्मोन चढवायचं नाही. थोडे डाग पडले तर पॅड लावा आणि जा. पाळीत देवाला चालतं की नाही हे माझ्या खात्यातलं नाही, पण चंद्रभागेत पाय ठेवायला डॉक्टरांची हरकत कधीच नव्हती.

जाऊबाईंना मात्र माझा निरोप द्या. मेडिकलमधून मिळते ती बहुतेक नॉरएथिस्टेरॉन असते, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायची, साधारण दिवसातून तीनदा, आणि ती एंडोमेट्रिओसिसलाही देतात म्हणजे औषध वाईट नाही. पण वर्षातून तीन सण आणि तिन्हीला काउंटरवरून, असं नको. एवढ्या डोसमध्ये तिचा थोडा भाग शरीरात एस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणून पायात गुठळी झालेली असेल, लिव्हरचा आजार असेल, लखलखाट होऊन डोकं दुखत असेल, वजन फार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचंच. तारीख उलटून गेलेली असेल तर गोळी घ्यायच्या आधी प्रेग्नन्सी टेस्ट. एसटीत तासन्‌तास पाय लोंबकळत बसायचं नाही, मध्ये उतरून चालायचं, पाणी प्यायचं. एक पिंढरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर गोळी बंद आणि सरळ दवाखाना. आणि गोळ्या थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते, तर परतीच्या पिशवीत पॅड आणि काळी साडी वरच ठेवायला सांगा.